आत्याच्या रॅलेवरून वाईचे सहा दिवस

आत्याची रॅले सायकल माझ्याकडे पुण्यात येऊन अकरा वर्षे झाली. पहिली नऊ वर्षे ती जिन्याखाली जुनी चादर पांघरून उभी होती. मग एकदा धीर करून मी तिचे पूर्ण ओव्हरहॉलिंग करून घेतले, आणि गेली दोन वर्षे बँक, वाणी, ग्रंथालय अशा माझ्या रोजच्या कामांना ती धावते आहे. रंग मात्र मी नवा दिला नाही. काळ्या रंगावरची सोनेरी रेघ जिथे आत्याच्या पिशवीने घासून गेली आहे, तिथे ती तशीच आहे. जी सायकल वाईच्या गल्ल्यांतून तीसेक वर्षे शाळा, मंडई आणि नदी यांच्या फेऱ्या मारत राहिली, तिला एकदा त्याच रस्त्यांवर न्यावे, आणि पराक्रमाची अंतरे न कापता आत्या जात असे तितकेच जावे, एवढाच या प्रवासाचा हेतू होता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस मिळाले आणि मी निघाले.

पहिला दिवस : सुरूर फाटा ते वाई

सायकल छोट्या टेम्पोत घालून पुण्याहून सकाळी निघालो. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला पोहोचल्यावर मी टेम्पो थांबवला, सायकल उतरवून घेतली आणि सामान पुढे वाईला पाठवून दिले. सुरूरपासून वाई दहाएक किलोमीटरवर आहे आणि या रस्त्याच्या दोन्ही कडांना जुने, अवाढव्य वड आहेत. दुपारचे ऊन त्यांच्या पारंब्यांतून गाळून रस्त्यावर पडत होते. मोटारीतून या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेले असेन, पण वडाची सावली संपून ऊन सुरू होते आणि पुन्हा सावली येते, तेव्हा अंगाला गार आणि उबदार असा जो पट्ट्यापट्ट्यांचा स्पर्श होतो, तो मला पहिल्यांदाच कळला.

या सायकलवर बसल्यावर पाठ ताठ राहते. हँडल छातीच्या दिशेने मागे वळलेले आहे, सीट रुंद असून तिच्याखाली जाड स्प्रिंगा आहेत, आणि पुढचे चाक धरणारा चिमटा आजच्या सायकलींपेक्षा बराच पुढे झुकलेला असल्यामुळे खड्ड्याचा दणका हातापर्यंत येईतो त्याचा जोर ओसरलेला असतो. वजन वीस किलोच्या आसपास, त्यामुळे ती चटकन वेग घेत नाही, पण एकदा घेतलेला वेग सहजासहजी सोडतही नाही. मान खाली घालून रस्त्याकडे पाहावे लागत नाही. कारखान्याकडे निघालेली उसाची गाडी, बांधावर वाळत घातलेली गोधडी, शाळेतून परतणारी मुले हे सारे डोळ्यांच्या उंचीवर असते आणि ओळखीच्या माणसाला मान हलवून दाद देता येते. त्या वाटेवर मला निदान सात-आठ जणांनी अशी दाद दिली, आणि त्यांच्यापैकी माझ्या ओळखीचे एकही नव्हते.

पाऊण तासात वाईत शिरले. आतेभाऊ दारात उभाच होता. वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्याआधी सायकलच्या सीटवर हात ठेवला.

दुसरा दिवस : शाळेची वाट आणि मंडई

आत्या गंगापुरीच्या बाजूला शाळेत शिकवत असे. सकाळी सातला मी त्याच वाटेने निघाले. थंडी चांगली होती आणि कृष्णेवर धुके होते. गणपती आळीच्या घाटाशी थांबून ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. हे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. त्याच्या मागच्या भिंतीचा आकार माशासारखा निमुळता ठेवला आहे, म्हणजे पुराचे पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. रोजच्या वापराच्या वस्तूचा आकार तिच्या कामातून येतो, याचे हे उदाहरण रोज शाळेत जाता-येता आत्याच्या डोळ्यांसमोर होते, आणि तिच्या सायकललाही ते लागू पडते.

या सायकलच्या मागच्या मडगार्डला दोन्ही कडांनी बारीक भोकांची रांग आहे. पुण्यात एका दुकानदाराने ती भोके गंजाने पडली असे समजून बुजवून द्यायची तयारी दाखवली होती. ती भोके कारखान्यातच पाडलेली असतात. त्यांतून दोरी ओवून ती चाकाच्या मध्यापर्यंत पंख्यासारखी ताणली की जाळी तयार होते आणि साडीचा पदर किंवा काठ चाकात जात नाही. साखळीवरही पूर्ण बंद चेनकव्हर आहे, त्यामुळे नेसूला तेल लागत नाही. मधली आडवी नळी नसल्याने साडी सावरून सहज चढता-उतरता येते. नेसत्या साडीनिशी, कपाळावरचा घाम न पुसता वर्गात जाता यावे, अशी ही सायकल घडवलेली आहे. तिला मी जुनी वस्तू मानत नाही. रोज कामावर जाणाऱ्या बाईचा इतका विचार केलेली दुसरी सायकल अजून मला बाजारात दिसलेली नाही. मागच्या वर्षी मी पांढऱ्या सुती दोरीने ती जाळी पुन्हा विणून घेतली, त्याला दोन दुपारी लागल्या.

विश्वकोशाच्या कार्यालयावरून पुढे शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि घंटा होईपर्यंत तिथेच उभी राहिले. मग मंडई. कॅरिअरवर वेताची टोपली बांधली होती. तिच्यात पावटा, हरभऱ्याच्या जुड्या, ओली हळद आणि वहिनींनी सांगितलेला घेवडा घेतला. भाजीवालीने टोपलीत शेवटी चार मिरच्या टाकल्या आणि सायकल कुठली म्हणून विचारले. मी आत्याचे नाव सांगितल्यावर तिने आणखी कोथिंबीर टाकली.

ओझे झाल्यावर ब्रेकची आठवण ठेवावी लागते. या सायकलला वायर नाही, लोखंडी रॉडचे ब्रेक आहेत. हँडलखालची मूठ दाबली की रॉड वर ओढला जातो आणि ब्रेकची रबरे रिमच्या आतल्या, म्हणजे आसाकडच्या बाजूला जाऊन टेकतात. रिमला थोडा आऊट असला, म्हणजे ती किंचित वाकडी फिरत असली, तरी या ब्रेकचे फारसे बिघडत नाही, ही त्याची मोठी सोय आहे. पण गुळगुळीत पोलादी रिम पाण्याने ओली झाली की पकड बरीच कमी होते, म्हणून पावसात मी ही सायकल काढत नाही आणि कोरड्या दिवशीही थांबायच्या जागेच्या बरेच आधी मूठ दाबायला लागते. मंडईच्या उतारावर मध्येच वळणाऱ्या रिक्षा आणि निवांत उभ्या गाई यांच्यामधून जाताना ही सवय फार उपयोगी पडली.

तिसरा दिवस : मेणवली

मेणवली वाईपासून तीन किलोमीटरवर आहे. इतक्या जवळच्या जागी लोक मोटारीने येतात, अर्ध्या तासात वाडा पाहतात आणि पाचगणीकडे निघून जातात. मी सकाळी आठला पोहोचले आणि दुपारी एकला निघाले. नाना फडणवीसांचा वाडा पाहून मागच्या घाटावर उतरले. तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या घुमटीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. दुरून आलेली, ओतीव धातूची, आणि नव्या गावात नव्या कामाला लागलेली वस्तू म्हणून मी ती बराच वेळ न्याहाळली. माझी सायकलही नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून निघून कृष्णाकाठच्या एका शिक्षिकेच्या हाती आली होती.

परतताना घाटाकडून वर येणाऱ्या चढावर गडबड झाली. सायकलला मागच्या आसात बसवलेले स्टर्मी-आर्चर कंपनीचे तीन गिअर आहेत. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेऊन मी जोर लावला आणि पायडल एकाएकी रिकामे फिरले. तोल गेला, उजवी नडगी पायडलवर आपटली आणि सोललीही. पडले नाही, पण पुढचा चढ सायकल हातात धरून चढले. घरी वहिनींनी हळद लावली आणि आतेभाऊ म्हणाला, "अगं, आईलाही ती कधीमधी असा दगा द्यायची. मग आई पुलापलीकडच्या दुकानात जायची. ते अजून आहेत. उद्या जा त्यांच्याकडे."

चौथा दिवस : दुकानात

दुकान म्हणजे एक लाकडी दार, त्यावर टांगलेल्या टायरी, बाहेर पाण्याची घमेली आणि आत सत्तरी ओलांडलेले मालक. मी सायकल स्टँडवर लावली. त्यांनी गिअरकडे पाहिलेच नाही. खाली वाकून पुढच्या मडगार्डच्या काडीवर बोट फिरवले आणि म्हणाले, "हा पितळेचा डाग माझ्या हातचा आहे. बाईंची सायकल ना ही?" डाग म्हणजे पितळ वितळवून केलेला सांधा. काडी तुटली होती तेव्हा ते वडिलांच्या हाताखाली काम शिकत होते आणि त्यांना स्वतंत्रपणे मारायला मिळालेल्या पहिल्या काही डागांतला तो होता. डाग थोडा जाड बसला आहे, पण पन्नासहून अधिक वर्षांत तो सुटलेला नाही. मला तो नेहमी ओबडधोबड वाटे. त्या दिवसानंतर वाटत नाही.

मग त्यांनी मला खाली बसवून मागच्या आसाचे यंत्र समजावले, आणि मी ते इथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण जुन्या तीन गिअरच्या सायकली घरोघरी अशाच एका कारणासाठी बिघडल्या म्हणून टाकून दिलेल्या असतात. उजव्या बाजूच्या नटमधून एक बारीक साखळी बाहेर येते आणि गिअरच्या तारेला जोडली जाते. कळ ओढली की ही साखळी आतल्या क्लचला सरकवते. पहिल्या गिअरमध्ये चाक मागच्या दातेरी चक्क्याच्या गतीपेक्षा पाव भाग कमी फिरते, दुसऱ्यात जसेच्या तसे, आणि तिसऱ्यात एक तृतीयांश जास्त. माझ्या सायकलचा पुढचा चक्का ४६ दात्यांचा आणि मागचा १८ दात्यांचा आहे, त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात ती दुसऱ्या गिअरमध्ये पावणेसहा मीटरच्या आसपास जाते. पहिल्यात हेच अंतर सव्वाचार मीटरच्या थोडे वर आणि तिसऱ्यात साडेसात मीटरच्या थोडे वर येते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक अशी जागा आहे की तिथे क्लच कशातच अडकत नाही. तार थोडी ढिली झाली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच बरोबर त्या रिकाम्या जागेजवळ येऊन थांबतो आणि जोर लावताच सुटतो. माझे हेच झाले होते.

उपाय अगदी सोपा आहे. कळ दुसऱ्या गिअरवर ठेवायची आणि नटला जी गोल खिडकी असते तिच्यातून आत डोकवायचे. साखळी ज्या काडीला जोडलेली असते, त्या काडीचे टोक आसाच्या टोकाशी अगदी समपातळीत दिसले पाहिजे. माझे टोक आत गेलेले होते. मालकांनी साखळीवरचा छोटा नट सैल केला, तारेला जोडणारी नळी दोन आटे फिरवली, मला पुन्हा डोकवायला लावले आणि मग नट घट्ट केला. पाना लागला नाही, सगळे बोटांनी झाले. पैसे त्यांनी घेतले नाहीत म्हणून मी टायरी बदलून घ्यायच्या ठरवल्या, कारण त्या तशाही भेगाळल्या होत्या.

टायरींच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. या सायकलला २८ बाय दीडची टायर लागते आणि आपल्याकडे दूधवाले, गवतवाले ज्या काळ्या उंच सायकली आजही चालवतात त्यांची टायर नेमकी याच मापाची असते, त्यामुळे सत्तर वर्षांच्या विलायती सायकलची टायर खेड्यातल्या दुकानात खुंटीवर टांगलेली मिळते. सगळ्याच भागांचे असे नसते. रॅलेच्या पायडलचा आस ज्यांत फिरतो त्या कपांचे आटे इंचाला २६ असतात आणि आपल्याकडचे बरेच कप २४ आट्यांचे असतात, म्हणून तिथे दुसरा कप जबरदस्तीने बसवू गेले तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. मालकांना हे तोंडपाठ होते. "घट्ट जातंय म्हणून पाना लावायचा नाही," एवढेच ते म्हणाले.

पायडलचा दांडा आसाला पक्का धरणारी कॉटर पिन ढिली वाटल्याने त्यांनी चेनकव्हर उघडले, आणि त्यामुळे मला एरवी न दिसणारी एक गोष्ट दिसली. पुढच्या चक्क्याच्या पोलादात बगळ्यांची तीन डोकी कोरलेली आहेत. बगळा ही रॅलेची खूण आहे. स्त्रियांच्या या सायकलवर चक्का सदैव कव्हरच्या आत झाकलेला राहतो, तरीही कारखान्याने बगळे कोरायचे टाळले नाहीत. आम्ही दोघांनी फडक्याने ते पुसले, कॉटर ठोकून बसवली, आणि कव्हर पुन्हा बंद केले. मागच्या आसाच्या कवचावर ५२ हा आकडा छापलेला आहे, म्हणजे तो १९५२ सालचा. त्याच्या शेजारच्या छोट्या टोपणातून मालकांनी पातळ तेलाचे पाच-सहा थेंब सोडले आणि दर महिन्याला एवढेच कर म्हणाले. मडगार्डवरच्या दोन भोकांकडे मी बोट दाखवले तेव्हा ते म्हणाले की तिथे नगरपालिकेच्या कराचा बिल्ला असायचा. तो बिल्ला कुठे गेला हे आतेभावालाही आठवत नाही.

संध्याकाळी पूल ओलांडून घरी येताना दुसऱ्या गिअरमध्ये मागून टिक, टिक, टिक असा बारीक आवाज येत राहिला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये तो येतो, पहिल्यात सायकल अगदी गप्प चालते. आत्या जवळ आल्याचे घरातल्यांना या आवाजाने कळायचे, असे वहिनी म्हणाल्या.

पाचवा दिवस : धोम

धोम वाईपासून आठएक किलोमीटरवर, धरणाच्या पायथ्याशी आहे. आत्या वर्षातून एकदा नृसिंहाच्या दर्शनाला सायकलने जात असे, म्हणून हे तिचे सगळ्यात लांबचे अंतर. रस्ता नदीच्या अंगाने जातो. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि सकाळी समोरून वारा. पहिल्या गिअरमध्ये, आवाज न करता, पायी चालणाऱ्याच्या दुप्पट वेगाने जात राहिले. घाई करावीशी वाटली नाही. चौथ्या दिवशीचे काम मनात इतके ताजे होते की चढ आला की आतला क्लच कुठून कुठे सरकला हे जणू दिसत होते.

धोमला शिवमंदिरासमोर दगडी कमळाच्या आकाराच्या कुंडात भव्य कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. पावसाळ्यात कुंड भरले की कासव पोहत असल्यासारखे वाटते, असे तिथल्या पुजाऱ्यांनी सांगितले. डिसेंबरमध्ये कुंड कोरडे होते आणि कासवाच्या पायांची नखेसुद्धा मोजता येत होती. देवळाच्या ओवरीत डबा खाल्ला. नदीच्या पात्रात एक राखी बगळा दगडावर उभा होता. चक्क्यावरचे बगळे आणि तो बगळा यांची मान अगदी एकसारखी आहे, चोच थोडी खाली झुकलेली.

परतताना जाणूनबुजून उशीर केला, कारण पुढचा दिवा वापरून पाहायचा होता. पुढच्या चाकाच्या आसातच सहा व्होल्टचा डायनॅमो आहे. टायरला घासणाऱ्या डायनॅमोसारखी त्याची घरघर होत नाही आणि पायांना भारही जाणवत नाही. चाक हळू फिरले की दिवा मंद आणि थरथरता होतो, वेग आला की पिवळा, स्थिर उजेड पडतो. मागे मात्र मी बॅटरीचा लाल दिवा लावला होता, कारण मागून येणाऱ्या ट्रकला हळू चाललेली सायकल दिसलीच पाहिजे. यात जुनेपणाचा हट्ट धरू नये असे माझे ठाम मत आहे. मेणवलीच्या पुढे रस्त्यावर कोणी नव्हते. शेतातून उसाच्या पाचटाचा वास येत होता आणि पिवळ्या उजेडाचा गोल माझ्यापुढे दहा पावले चालत होता.

सहावा दिवस : पसरणी आणि परत

सकाळी किटली हँडलला अडकवून दूध आणले. दूध हिंदकळू नये म्हणून सायकल कशी चालवायची ते वहिनींनी सांगितले होते. पायडल थांबवायचे नाही आणि ब्रेक अगदी हलका.

मग पसरणीपर्यंत गेले. शाहीर साबळे यांचे हे गाव. पुढे पाचगणीचा घाट सुरू होतो. बरोबर आलेल्या भाचीने घाट चढायचा आग्रह केला, पण मी नको म्हटले. चढ हातात सायकल धरून पार करता येईल, पण उतारावर रॉडच्या ब्रेकच्या भरवशावर दहा-बारा किलोमीटर येणे धोक्याचे आहे. आत्याही घाटाला एसटीनेच जायची. आम्ही घाटाच्या पायथ्याशी ऊसाचा रस घेतला, भाचीने तेवढ्यात गिअरची कळ खालीवर करून पाहिली आणि परतीच्या वाटेवर सायकल तिनेच चालवली. मी तिच्या नव्या सायकलवर होते आणि पूर्ण वेळ पुढून येणारी टिकटिक ऐकत होते.

दुपारी टेम्पो आला. सायकल उभीच बांधली, कारण आडवी केली की मागच्या आसातले तेल गळते. टोपलीत मालकांनी दिलेल्या दोन जुन्या कॉटर पिना आणि वहिनींनी दिलेली हळद आहे. पुण्याला पोहोचायला रात्र झाली. सोमवारी सकाळी पोस्टात जायचे आहे, तीन किलोमीटर. नव्या टायरींत हवा भरून सायकल जिन्याखाली न ठेवता दाराशी लावली.